डावीकडची गाडी

पुण्यात दोन मुली दोन स्कूटरवर शेजारीशेजारी गप्पा मारत चालल्या असतील, तर मागून हॉर्न वाजवून काहीही उपयोग होत नाही. त्यांना तो ऐकू येत नाही असं नाही. त्या दखल घेत नाहीत, एवढंच. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण वर्ष-सव्वा वर्ष त्या दोघींपैकी उजवीकडची मी होते.

मी यवतमाळची. नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा हिंजवडीत शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उभ्या राहायला नुकती सुरुवात झाली होती. आमच्या ऑफिसच्या सातव्या मजल्यावरून म्हशी दिसायच्या. मी राहायचे वारज्याला, एका बंगल्याच्या मागच्या खोलीत. मालकीणबाई मला पहिल्या दिवशी 'अहो' म्हणाल्या आणि शेवटच्या दिवसापर्यंत 'अहो'च म्हणत राहिल्या. वागायला वाईट नव्हत्या. जेवणाचा डबाही दारात आणून द्यायच्या. पण त्यांच्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊल टाकलं नाही आणि त्यांनीही कधी टाक म्हटलं नाही. ऑफिसात सगळे दिवसभर स्क्रीनकडे बघून बोलायचे, तेही कामापुरतं. शनिवारी संध्याकाळी खोलीचं दार लावलं की सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मलासुद्धा ऐकू येत नसे. कधीकधी रविवारी मी मुद्दाम किराणा दुकानात जाऊन एखादी वस्तू विचारायची, नसली तर बरंच, पुढच्या दुकानात पुन्हा विचारता यायची.

तिची ओळख झाली ती गाडीच्या स्टँडमुळे. एके दिवशी सकाळी बायपासने ऑफिसला चालले होते. मागून एक स्कूटर हॉर्न देत देत जवळ आली. मी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं. ती शेजारी आली. डोक्याला, तोंडाला, मानेला ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे.

"अहो, स्टँड!" ती ओरडली. "स्टँड वर घ्या! वळताना आपटाल!"

मी खाली पाहिलं. साइड स्टँड तसाच बाहेर लोंबत होता. टाचेने वर मारला. ती हात हलवून पुढे निघून गेली. दुसऱ्या दिवशी साधारण त्याच जागी पुन्हा शेजारी आली आणि म्हणाली, "आज घेतलात का?"

मी म्हटलं, "घेतला ना. रोज रोज काय विसरून राहीन?"

"विसरून राहीन?" ती हसली. ओढणीच्या आत हसली, पण डोळ्यांवरून कळलं. "नागपूरकडच्या का?"

"यवतमाळ."

"बरं. मग 'करून राहिली, जाऊन राहिली' का?"

माझी भाषा कुणी काढली की माझं डोकं फिरतं. पण हिने ती इतक्या कौतुकाने काढली की मला उलट बरं वाटलं. हिंजवडीचा फाटा येईपर्यंत आम्ही बोलत होतो. त्या दिवसापासून रोज.

ती पुण्याचीच. तिचे पणजोबा कधीतरी कॅम्पात येऊन राहिले, तेव्हापासूनचं मुसलमान कुटुंब. वडिलांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं. घर लहान पडायला लागलं म्हणून हे लोक वारज्यात फ्लॅट घेऊन आले होते. घरात दखनी, बाहेर माझ्यापेक्षा शुद्ध मराठी, ळ आणि ण असे ठणठणीत की मला लाज वाटायची. ती दुसऱ्या कंपनीत होती, आमच्या इमारतीच्या अलीकडे. त्यांच्या गेटपाशी ती वळायची आणि मी सरळ जायची. संध्याकाळी पुन्हा तिथेच. सकाळी निघताना ती माझ्या मोबाइलवर एक मिस्ड कॉल द्यायची, की मी बाहेर पडायची. मोबाइलचा तेव्हा आम्हाला तेवढाच उपयोग. प्रत्यक्ष फोनवर आम्ही एकदाही बोललो नाही. कशाला बोलायचं? सकाळ-संध्याकाळ रस्ता होता की.

जागा ठरलेल्या होत्या. ती डावीकडे, मी उजवीकडे. हॉर्न, शिव्या आणि बसवाल्यांचे टोमणे सगळे माझ्या बाजूला. "चहा सांगू का दोघींना?" एक बसड्रायव्हर एकदा खिडकीतून म्हणाला होता. तिने शांतपणे सांगितलं, "साखर कमी." आणि मग आम्ही त्याला जाऊ दिलं.

काय बोलायचो आम्ही? सगळं. तिच्या धाकट्या भावाचे प्रताप, माझ्या टीममधल्या एका शहाण्याचं इंग्रजी, तिला बघायला आलेला मुलगा, मला न बघताच नाही म्हणालेला मुलगा. भीती वाटते कशाची, रात्री झोप का येत नाही, वगैरे गोष्टीसुद्धा. डोळे रस्त्यावर, तोंडावर ओढणी, कानात वारा, त्यामुळे ओरडून बोलावं लागायचं आणि ओरडून बोलताना माणूस लाजत नाही. आईलाही न सांगितलेल्या गोष्टी मी बायपासवर ओरडून सांगितल्या आहेत. ईदला तिने सिग्नलवर माझ्या हातात शिरखुर्म्याचा डबा दिला. दिवाळीला मी त्याच डब्यात चकल्या घालून त्याच सिग्नलवर परत केला. माझं सीटकव्हर फाटलं तर तिने वडिलांकडून नवीन शिवून आणलं, मरून रंगाचं, कडेने पांढरी पट्टी. सबंध वारज्यात तसं दुसरं सीट नव्हतं. ते बसवायला मात्र तिने मला घरी बोलावलं नाही. रस्त्याच्या कडेला गाड्या लावून आम्ही दोघींनीच ओढून-ताणून बसवलं. मीही तिला माझ्या खोलीवर कधी बोलावलं नव्हतं. ते आम्हाला सुचलंच नाही.

आणि त्या वर्षात एक दिवस माझ्या मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, बंगळूरच्या ऑफिसात नवी टीम उभी राहतेय, तुझं नाव पुढे केलंय. कायमची बदली. सोमवारी सकाळी हो की नाही ते सांग.

मी घरी फोन केला. बाबा म्हणाले, "जा ना मग. बढती आहे." आई म्हणाली, "आमच्यासाठी पुणं काय अन् बंगलोर काय, सारखंच दूर." मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, मग महिना अगोदर कळवा म्हणजे झालं." तिघांचंही बरोबरच होतं. पण मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पुण्यात एका तरी माणसाने मला 'जाऊ नकोस' म्हणायला हवं होतं. कारण वगैरे काही नको. नुसतं जाऊ नकोस. ते कुणी म्हटलं असतं तर मी सोमवारी 'नाही' सांगितलं असतं, आनंदाने. आणि असं म्हणू शकेल असं माणूस या शहरात एकच होतं.

नेमका त्याच आठवड्यात बायपास खणायला घेतला. रुंदीकरण. एका बाजूला मातीचे ढीग, दुसऱ्या बाजूला ट्रक, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. ती पुढे, मी मागे. रोज सकाळी ठरवून निघायचे आणि रोज गेटपाशी ती हात करून वळायची. शुक्रवार आला तरी माझं सांगायचं राहिलेलंच.

ऑफिसच्या कॅन्टीनबाहेर एक पोस्टर लागलं होतं. रविवारी मोटरसायकलींची मोठी रॅली. चांदणी चौकातून निघून गावातून थेट वाघोलीच्या पुढे, एका कॉलेजच्या मैदानावर. खाली लिहिलं होतं, 'सर्व दुचाकीस्वारांचे स्वागत.' मला मोटरसायकलींशी काही देणंघेणं नव्हतं. मी फक्त रस्ता मोजला. वारज्यापासून वाघोलीच्या पुढे म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक. रविवारची सकाळ, मोकळे रस्ते, पोटभर बोलणं. त्या संध्याकाळी गेटपाशी मी तिला विचारलं, येतेस का?

"स्कूटरवर?" ती म्हणाली. "मोटरसायकलींच्या रॅलीत?"

"दुचाकीच आहे ना आपली?"

"वेडी आहेस," ती म्हणाली. "येते."

हेल्मेट सक्तीचं होतं. माझ्याकडे नव्हतं, पुण्यात कुणाकडेच नसायचं. मी शनिवारी जाऊन नवीन आणलं. तिने भावाच्या कुठल्याशा मित्राचं मागून आणलं. रविवारी सकाळी चांदणी चौकात पोचलो तर समोर नुसत्या मोटरसायकली. काळ्या, मोठ्या, पोटात धडधडणाऱ्या. कातडी जाकिटं घातलेली माणसं. काहींनी गुडघ्यांना ढाली बांधलेल्या. आम्ही दोघी पंजाबी ड्रेसवर, ओढणीवरून हेल्मेट चढवून, सीटखाली पाण्याची बाटली आणि पोळीभाजी. केशरी जाळीचं जाकीट घातलेले एक काका लाइन लावत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या गाड्यांकडे पाहिलं.

"ताई, मंडईचा रस्ता तिकडून," ते म्हणाले.

"पोस्टरवर सर्व दुचाकी लिहिलंय," मी म्हटलं. माझा पारा चढलाच.

"सायकलपण दुचाकीच असते. म्हणून कुणी आणली नाही."

"आणली असती तर घेतली असतीत ना?" ती मधेच गोड आवाजात म्हणाली. हसू दाबत काकांनी आम्हाला सगळ्यात पुढे उभं केलं. हळू गाड्या पुढे ठेवायच्या, म्हणजे लाइन तुटत नाही, असा त्यांचा नियम होता. आणि दुसरा नियम त्यांनी त्यानंतर सांगितला. दोन गाड्या शेजारीशेजारी चालवायच्या नाहीत. एक डावीकडे, तिच्या मागे अंतर ठेवून दुसरी उजवीकडे, तिच्या मागे तिसरी पुन्हा डावीकडे. बोलायचं नाही. खड्डा आला की पायाने दाखवायचा, म्हणजे मागच्याला कळतो, मग त्याने त्याच्या मागच्याला दाखवायचा.

मी म्हटलं, "थोडं शेजारी चाललं तर?"

"गप्पांसाठी पुण्यात कट्टे कमी पडले का, ताई? इथे लाइन."

रॅली निघाली. ती पुढे डावीकडे, मी मागे उजवीकडे. मागे एवढ्या इंजिनांचा आवाज की माझ्या स्वतःच्या स्कूटरचा आवाज मला येईना. पौड रस्त्यावर मी ॲक्सिलरेटर पिळून हळूच तिच्या बरोबरीला आले. मान वळवून म्हटलं, "अगं, ऐक ना—" तिने हेल्मेटवर बोट ठेवून मान हलवली, ऐकू येत नाही. तोवर केशरी काका बाजूने आले आणि एक बोट मागे करून दाखवलं. मी मागे गेले. डेक्कनला पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बोट. येरवड्यापाशी तिसऱ्यांदा केला तेव्हा त्यांनी हात जोडले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूला माणसं थांबून बघत होती. पोरं टाळ्या वाजवत होती. सगळ्यात पुढे दोन स्कूटर बघून हसतही होती. एवढ्या मोठ्या मिरवणुकीत, शेकडो माणसं मागे घेऊन चालले असताना मला फार एकटं वाटलं. समोर तिची पाठ. हिरव्या ड्रेसवर ओढणीचं टोक उडत होतं. दर थोड्या वेळाने तिचा पाय बाहेर यायचा, उजवीकडे, माझ्या बाजूला, खड्डा. मी तो चुकवायची आणि तसाच पाय बाहेर काढून मागच्याला दाखवायची. एकही खड्डा तिने सोडला नाही. रॅलीचा नियम फार मनावर घेतलाय हिने, असं मी तेव्हा मनात म्हटलं. वाघोली आली, गेली.

मैदानावर पोचलो. गेटपाशी एक म्हातारे गावकरी बसले होते. "ह्या बी रॅलीतल्याच हायत व्हय?" त्यांनी काकांना विचारलं. काका म्हणाले, "पुढे होत्या त्या. आम्ही यांच्या मागे आलो." मला ते आवडलं.

आम्ही गाड्या लावल्या, हेल्मेटं काढली. तिने ओढणी सोडली. एका टेबलापाशी प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, तिथे समोरासमोर बसलो आणि डबा उघडला. आता सांगायचं, मी ठरवलं. मान वर केली. समोर एक मुलगी बसली होती. गोल चेहरा, हनुवटीवर छोटा खड्डा, पुढच्या दातांत फट. मी तिला ओढणीशिवाय पूर्वी पाहिलं नव्हतं असं नाही, गेटपाशी वळताना ओझरती, एकदोनदा पाणी पिताना. पण अशी समोर, जेवताना, माझ्याकडे बघत असलेली कधीच नाही. मला लाज वाटायला लागली. हिला मी काय काय सांगितलं आहे? या मुलीला? तीही इकडेतिकडे बघत होती.

"भाजी छान आहे," ती म्हणाली.

"मालकीणबाईंच्या डब्याची आहे."

"हो का."

आम्ही जेवलो. कुणीतरी लांबून तिला हाक मारली, भलत्याच लाडाच्या नावाने. ते नाव मला माहीतच नव्हतं. तिच्या ऑफिसातल्या चौघीजणी कुणाकुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून आल्या होत्या. ती पळत त्यांच्याकडे गेली. गळ्यात पडली, टाळ्या दिल्या, खूप हसली. समोरासमोर उभी राहून सहज बोलत होती ती त्यांच्याशी. मी डबा पुसला, परत सीटखाली ठेवला आणि गाडीपाशी उभी राहिले. मला त्या चौघींचा संताप आला. त्यांनी माझं काही बिघडवलं नव्हतं.

दुपारी तिथे एक शर्यत होती. हळू चालवायची. फक्कीने आखलेले पट्टे, प्रत्येकाने आपल्या पट्ट्यात राहायचं, पाय टेकला की बाद, आणि जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला. शाळेत सायकलवर करायचो तशी. केशरी काका स्वतःच आमच्याकडे आले. "तुम्ही दोघी रस्त्यात ज्या गतीने चालता म्हणे, त्या गतीने चाललात तरी बक्षीस आहे." हे त्यांना कुणी सांगितलं असेल ते मी लगेच ओळखलं. ती लांबून माझ्याकडे बघून हसत होती.

आम्ही उभ्या राहिलो. तिचा पट्टा डावीकडे, माझा उजवीकडे. शिट्टी झाली. मोठ्या मोटरसायकली पहिल्या काही हातांतच डगमगायला लागल्या. एकाचा पाय टेकला, दुसऱ्याची गाडी बंद पडली, तिसरा घाबरून सुटला तो सरळ पलीकडे. मैदान ओरडत होतं. आणि आम्ही दोघी चाललो होतो, ब्रेकवर बोट, मुंगीच्या पावलाने, शेजारीशेजारी. शेवटी दोघीच उरलो. हेल्मेट नव्हतं, मधे कुणी नव्हतं, डोळे समोर. डावीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. एकदम माझी जीभ सुटली.

"ऐक, मला तुला एक विचारायचंय. मला ऑफिसात—"

"बोलू नकोस, बाई!" ती दात दाबून म्हणाली. "पाय टेकेल!"

"नाही पण उद्या सकाळी मला—"

माझा पाय टेकला. लोक हो-हो करून ओरडले. ती तशीच पुढे गेली, रेघ ओलांडली, आणि त्या चौघी धावत येऊन तिला चिकटल्या. छोटा कप मिळाला तिला. काकांनी दिला. तिने मला खूण करून बोलावलं, फोटोत ये म्हणून. मी नको म्हटलं.

परत येताना लाइन नव्हती. ज्याने त्याने जायचं. आम्ही हेल्मेटं पुढे हुकला अडकवली, ओढण्या बांधल्या आणि खराडीच्या पुढे रस्ता जरा मोकळा झाला तशी ती माझ्या डावीकडे आली. ते डोळे दिसले आणि माझ्या जिवात जीव आला. हीच ती. आता सांगते, म्हणून मी श्वास घेतला.

"अगं, सांगायचंच राहिलं!" तीच आधी ओरडली. "उद्यापासून मी बसने! आमच्या कंपनीची बस वारज्यावरून सुरू होतेय!"

"काय?"

"बस! बायपासवर ते ट्रक बघून अब्बू रोज कटकट करतात. आता गाडी भावाला. झोप तरी मिळेल सकाळची!"

वारा होता, ओढणी होती, डोळे रस्त्यावर होते. सगळं होतं. मी म्हटलं, "बरं झालं की!"

"तू काहीतरी विचारत होतीस ना तिकडे?"

"काही नाही गं. सहजच."

वारज्यापर्यंत ती शर्यतीबद्दल बोलत राहिली. मी हो-हो करत होते. माझ्या मनात एकच चाललं होतं, की झोप तरी मिळेल म्हणाली ही. मला वाटत होतं की त्या रस्त्यावर आमचं काहीतरी आहे. तिच्यासाठी ते ऑफिसला जाणं होतं आणि मी बरोबर होते, एवढंच. कोपऱ्यावर तिने नेहमीसारखा हात केला. मी केला की नाही ते आठवत नाही.

सोमवारी मिस्ड कॉल आला नाही. मॅनेजरने विचारलं, "झाला का विचार?" मी म्हटलं, "झाला. जाते."

पुढचा महिना मी ऑफिसला लवकर निघायला लागले. तिची बस दिसू नये म्हणून. खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि राग आला की मी तो नीट सांभाळते, मोडू देत नाही. तिचा नंबर होता. फोन करता आला असता. पण फोनवर आम्ही कधी बोललोच नव्हतो. बायपासवर एकटीनेच जायचं म्हटल्यावर मी ते नवीन हेल्मेट रोज घालायला लागले. आता घालायला काहीच हरकत नव्हती.

जायच्या आठवड्यात एक दिवस खोलीतली आवराआवर करता करता उशीर झाला. हिंजवडीच्या अलीकडच्या सिग्नलला थांबले होते. डावीकडे एक बस येऊन उभी राहिली. मी सहज वर पाहिलं. खिडकीच्या काळपट काचेमागून एक मुलगी माझ्याकडे बघत होती. एकटक. मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाकडे बघतेय का म्हणून. तिने काचेवर टकटक केलं. मला ओळख पटेना. गोलसर चेहरा, झोपून उठल्यासारखे केस. ती माझ्या सीटकडे बोट दाखवत होती, मरून सीट, पांढरी पट्टी. मग तिने आपला तळहात उचलला आणि नाका-तोंडावर आडवा धरला, फक्त डोळे उघडे ठेवून.

तेव्हा मला कळलं.

ती हसत होती. हाताच्या मागे, पण डोळ्यांवरून कळत होतं. बोलतही होती काहीतरी, भराभर. पण हात तोंडावर, मधे काच, माझ्या कानांवर हेल्मेट. मी गडबडीने हेल्मेटचा पट्टा सोडायला लागले, तो अडकला. तिने काचेवर बोटाने रोज, रोज असं काहीसं दाखवलं, खाली रस्त्याकडे, आपल्या डोळ्यांकडे, पुन्हा खाली. म्हणजे ती रोज खिडकीशी बसून खाली बघत होती. झोपत नव्हती. आणि मी रोज अर्धा तास आधी त्याच रस्त्यावरून निघून जात होते.

बस हलली. मी तशीच उभी. मागून हॉर्न सुरू झाले, मग एक आवाज आला, "मॅडम, याहून हिरवा होत नाही सिग्नल!"

हेल्मेटच्या आत रडता येतं, कुणाला दिसत नाही. तेवढा एक उपयोग मला त्या दिवशी कळला.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी तिला फोन लावला. पहिल्यांदाच. तिने उचलला.

"हॅलो?"

तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. हळू, मऊ, घरातला आवाज. वाऱ्याशिवाय मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी दखनीत काही विचारलं.

"मी बोलतेय," मी म्हटलं. माझाही आवाज तिला तसाच परका लागला असणार.

"अगं! बोल ना. काही काम होतं का?"

खोलीत सामान बांधून ठेवलं होतं. गाडी मालकीणबाईंच्या भाच्याला देऊन टाकली होती, शनिवारी तो घेऊन जाणार होता. शनिवारीच माझी बस होती. आता 'जाऊ नकोस' म्हणून कुणी म्हटलं असतं तरी उपयोग नव्हता, पण मला ते ऐकायचं होतं, निदान ऐकून जायचं होतं. त्यासाठी आधी मी जातेय हे सांगायला हवं होतं. समोर भिंत होती. भिंतीकडे बघून मला ते सांगता येईना. मी रस्त्यावरचं बोलणं शिकले होते, घरातलं नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "सहज. सकाळी दिसलीस म्हणून."

"मी रोज बघते गं, तू दिसतेस का म्हणून," ती म्हणाली. "उद्या दिसशीलच."

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मला रजा होती. शनिवारी मी गेले. सोमवारीही ती बसमध्ये डाव्या-उजव्या कुठल्या का होईना, खिडकीशीच बसली असणार आणि सिग्नलला मान वळवून खाली बघितलं असणार.